एकतंत्र म्हणजे नक्की काय? (आमच्या पाणी संस्थेच्या चेअरमनवरून पेटलेला वाद)

कृष्णाकाठ_पलूस
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा पुस्तकी आहे पण भानगड गावातली आहे, म्हणून पहिल्यापासनं सांगतो.

पलूसजवळ आमचं गाव. नदीवरनं पाणी उचलणारी सहकारी संस्था आहे, सव्वादोनशे सभासद, सगळा ऊसच. गेली २२ वर्षं चेअरमन एकच. नाव लिहीत नाही, सगळं गाव आण्णा म्हणतं. माणूस एकदम स्वच्छ, संस्थेच्या ऑफिसातला चहासुद्धा स्वतःच्या पैशानं पितो. पाळीचं पाणी ठरल्या तासाला येणार म्हणजे येणार. पण सगळं त्यांच्या एकट्याच्या हातात. मेन व्हॉल्वच्या चेंबरला कुलूप, कुलपाची चावी आण्णांच्या कोपरीच्या खिशात, आणि कुणाची पाळी कधी ते लाल कापडी बांधणीच्या एका वहीत. ती वही आण्णांच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फडताळात. संचालक मंडळ आहे की, १३ जण आहेत. दर पाच वर्षांनी निवडणूक लागते आणि दर वेळी बिनविरोध होते. वार्षिक सभेत तर विषय वाचून संपायच्या आत मागनं "मंजूर, मंजूर" सुरू.

परवाच्या सभेत माझा पुतण्या उठला. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा देतोय. म्हणाला, "हे एकतंत्र आहे." सभा गप्प. आण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि विचारलं, "एकतंत्र म्हंजे काय रे? शिवी हाय का?" पोराला नीट सांगताच येईना. आधी हुकूमशाही म्हणाला, मग राजेशाही म्हणाला, मग खाली बसला.

तेव्हापासनं घरात, पारावर, डेअरीत दूध घालायला गेलं तरी हाच विषय. बायकोचं म्हणणं, आण्णा हुकूमशहा असते तर पोराला बोलू दिलं असतं का. थोरले बंधू म्हणतात पाणी येतंय न्हवं, मग शब्द कशाला हुडकताय. तर जाणकारांनी सांगा, एकतंत्र म्हणजे नक्की काय आणि आमचे आण्णा त्यात बसतात का?

भडंगवाला
मी पयला. भडंग घेऊन बसलोय. सांगलीचा का जयसिंगपूरचा ते विचारू नका, त्याला वेगळा धागा लागंल.

निवृत्त_मास्तर
पुतण्याला रागावू नका, भलेभले गोंधळतात. मी साताऱ्यात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, दर वर्षी निम्मी पोरं पेपरात हाच घोळ घालायची.

मूळ शब्द ग्रीक. 'ऑटोस' म्हणजे स्वतः आणि 'क्रातोस' म्हणजे सत्ता, बळ. स्वतःच्याच बळावर राज्य करणारा, ज्याची सत्ता दुसऱ्या कुणाकडून आलेली नाही. आण्णांना सांगा, मुळात ती शिवी नव्हती, पदवी होती. बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन सम्राट स्वतःच्या नावापुढं 'ऑटोक्रेटर' अभिमानानं लावत आणि पुढं रशियाच्या झारनं त्याच अर्थाचा रशियन शब्द बिरुदात घेतला. शिवी झाली ती फार अलीकडं.

आज शास्त्रात एकतंत्र म्हणतात ते अशा राजवटीला, जिथं शेवटचा शब्द एका माणसाचा किंवा मूठभर लोकांचा असतो, त्या शब्दाला कायदा, कोर्ट, विधिमंडळ कुणीच अडवू शकत नाही आणि लोकांना त्यांना रीतसर घालवता येत नाही. ही मोठी छत्री समजा. अनियंत्रित राजेशाही, लष्करी राजवट, एकपक्षीय राजवट, हुकूमशाही, सगळे त्या छत्रीखाली. म्हणजे पुतण्या अगदीच चुकला नाही, छत्रीच्या दोन काड्या दाखवून बसला एवढंच.

आपल्याकडं 'निरंकुश सत्ता' म्हणतात तो शब्द मला जास्त आवडतो. अंकुश नसलेला हत्ती. हत्ती गुणी असला तरी माहूत अंकुश घेऊनच बसतो, हत्ती वाईट आहे म्हणून नव्हे.

माणदेशी_गडी
मास्तर एक नंबर. पण हत्तीला अंकुश लावणारा माहूत कोण मग? सभासद का? आमच्याकडं तर सभासदच हत्तीच्या पाठीवर झोपल्यात.

अजिंक्यतारा
राजा म्हटलं की एकतंत्र असं सरसकट समजू नका. इंग्लंडात आजही राजा आहे, सही सोडून त्याच्या हातात फारसं काही नाही. आणि आमच्या साताऱ्याचंच घ्या. थोरल्या शाहू महाराजांनंतर (संभाजी महाराजांचे पुत्र) छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात पेशव्यांकडं. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं, पण उशाशी रेसिडेंट, म्हणजे नजर ठेवणारा इंग्रज अधिकारी. महाराज आपल्या मताने वागायला लागले असं वाटल्यावर १८३९ साली त्यांना पदच्युत करून काशीला धाडलं आणि १८४८ ला राज्यच खालसा. ज्याला वरून कुणीतरी गाडीत बसवून काशीला पाठवू शकतं तो एकतंत्री कसला?

मिरजकर_काकू
@अजिंक्यतारा १८३९ ला गाडी कुठली, मेणा किंवा पालखी म्हणा 😀

अजिंक्यतारा
काकू चूक मान्य.

औंधची_लेक
या विषयावर आमच्या साताऱ्याकडच्या औंधाचं नाव निघाल्याशिवाय कसं चालेल! यमाई आणि म्युझियम बघून लोक परत जातात, पण खरी गोष्ट वेगळीच आहे. औंध संस्थान, ७२ गावं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, तेच ते सूर्यनमस्कारवाले. संस्थानिक म्हणजे आपल्या हद्दीत जवळजवळ निरंकुशच, वरती इंग्रज असले तरी रयतेपुरता त्यांचाच शब्द शेवटचा. या माणसाने १९३९ साली स्वतःच्या हाताने संविधान देऊन सत्ता लोकांकडे सोपवली. मुलगा आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलिश इंजिनिअर, जे पुढे स्वामी भारतानंद म्हणून ओळखले गेले, हे दोघे त्यामागे होते आणि सल्ला गांधीजींचा. गावाने पंच निवडायचे, पंचांमधून तालुका आणि तिथून वर विधिमंडळ. तेव्हा उरलेल्या हिंदुस्थानात प्रौढांना सरसकट मतदान नव्हतं बरं का.

त्याच सुमाराला आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, कैद्यांची भिंत नसलेली वसाहत. ती आजही आहे.

आजी सांगायची, सुरुवातीला लोकांना कळेचना काय करायचं. पंच निवडून झाले तरी वाड्यावर जाऊन विचारायचे, "महाराज, आता काय हुकूम?"

हळद_मार्केट
शेवटची ओळ बाप आहे. आजसुद्धा सरपंच निवडून आला की पहिला बंगल्यावरच जातो, हुकूम विचारायला.

कोल्हापूरचा_पावणा
औंधच्या राजांना मुजरा, पण मी उलटं उदाहरण टाकतो, मग करा भांडण. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला हुकूम काढला, करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांना. एका माणसाचा हुकूम. त्या वेळी दरबारात मतदान घेतलं असतं तर पास झालं असतं का? खुर्च्या कुणाच्या होत्या बघा म्हणजे कळंल. मग एकतंत्र वाईटच असं कसं म्हणायचं वं?

कधीतरी_येणारा
+१. मुद्दा हाच आहे. लोकशाहीने काय दिवे लावले? रस्त्याचा एक खड्डा बुजवायला तीन ठराव. सिंगापूर बघा, एक माणूस खंबीर मिळाला आणि देश कुठल्या कुठे गेला. आपल्याला असाच एक पाहिजे.

निवृत्त_मास्तर
@कोल्हापूरचा_पावणा, शाहू महाराजांचं मोठेपण निर्विवाद, आणि तुमचा प्रश्न वर्गात मला पोरांनीही विचारला होता. उत्तर द्यायला एक दिवस मागून घेतला होता मी. दुसऱ्या दिवशी म्हणालो, बाबांनो, त्या काळात हिंदुस्थानात पाचशेच्या वर संस्थानं होती. शाहू किती, सयाजीराव किती, औंधचे पंत किती, मोजा. बोटं संपायच्या आत यादी संपते. बाकीच्यांच्या रयतेनं काय करायचं? नशीब पालटायची वाट बघायची. एकतंत्र म्हणजे राजा वाईट असणं नव्हे, राजा वाईट निघाला तर करण्यासारखं हातात काही नसणं.

@कधीतरी_येणारा, सिंगापूरला एक निघाला तसा प्रत्येक देशाला निघाला असता तर युगांडातला हुकूमशहा इदी अमीन कोण होता मग? तोही खंबीरच होता. आणि सिंगापूरला निवडणुका आणि कोर्टं आहेत, एकतंत्राचा अगदी चोख नमुना ते नाहीच, मधलाच प्रकार आहे.

कधीतरी_येणारा
बरं. इदी अमीन नको. पण खड्डा राहिला ना.

वाईकर_वाचक
हुकूमशहा आणि एकतंत्र यातला फरक विचारला होता म्हणून थोडं इतिहासातलं. रोममध्ये 'डिक्टेटर' हे रीतसर सरकारी पद होतं! संकट आलं, शत्रू दारात आला, की एका माणसाला सगळी सत्ता द्यायची पण मुदत फार तर सहा महिने. सिनसिनाटस नावाचा गडी शेत नांगरत होता म्हणतात, त्याला बोलावलं, त्यानं युद्ध संपवलं आणि थोड्याच दिवसांत परत नांगराला गेला. म्हणजे मुळात हुकूमशहासुद्धा अंकुशाखालीच होता, मुदत हाच अंकुश. पुढे सुला नावाच्या सेनापतीने मुदत काढून टाकली, आणि इसवीसनपूर्व ४४ मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला. महिनाभरातच त्याला मारलं. रीतसर काढायचा रस्ता बुजवला की लोक बेरीतसर रस्ता शोधतात.

चीनचंही तसंच. माओच्या मरेपर्यंतच्या सत्तेच्या अनुभवानंतर १९८२ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती ठेवल्या होत्या, २०१८ ला ती अट काढून टाकली.

पाटपाणी
@धागाकर्ते, आण्णा सहा महिन्यांचे का तहहयात?

कृष्णाकाठ_पलूस
कागदावर पाच वर्षांचे. २२ वर्षं पाच पाच वर्षांचेच आहेत.

मिरजकर_काकू
तुम्ही लोक रोमला गेलात, मी स्वयंपाकघरातलं सांगते. आमच्या सासूबाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, साखर वाटीने मोजून, तूप चमच्याने. घरात १४ माणसं आणि शब्द एकच. वाईट नव्हत्या हो, माझ्या बाळंतपणात त्यांनी जे केलं ते आईने केलं नसतं. पण धाक असा की एका वर्षी कैरीच्या लोणच्याच्या मोठ्या बरणीला बुरशी आली, तिघी सुनांनी बघितली आणि तिघींनीही झाकण लावून टाकलं. कोण सांगणार? त्यांनीच मीठ घातलेलं ना! पुढे पाहुणे आले तेव्हा बरणी उघडली आणि काय झालं ते लिहीत नाही. माझ्या मते एकतंत्र म्हणजे ते झाकण.

दंडोबा
काकू तुम्ही गमतीत लिहिलं, पण १९५८ ते ६१ च्या चीनमधल्या दुष्काळात अगदी हेच झालंय. 'मोठी झेप' नावाची मोहीम, वरून धान्याचं अवाच्या सवा टार्गेट, आणि खालचे अधिकारी भीतीपोटी फुगवलेले आकडे वर पाठवायचे. त्या खोट्या आकड्यांवर सरकारने धान्य उचललं आणि शेतकऱ्याच्या घरात काही उरलं नाही. कोट्यवधी माणसं मेली. अमर्त्य सेन यांचं म्हणणं प्रसिद्धच आहे की मोकळी वृत्तपत्रं आणि खऱ्या निवडणुका असलेल्या देशात मोठा दुष्काळबळी होत नाही, कारण तिथे कुणीतरी बोंब मारतो आणि सरकारला ती ऐकावी लागते. बरणी वेळेत उघडते.

२०१९ च्या महापुरात सांगलीत आपण किती बोंब मारली आठवतंय ना? टीव्हीवर, फेसबुकवर, मंत्री आले की तोंडावर. शिव्या दिल्या, कुणी उचलून नेलं नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

भडंगवाला
लोणच्यावरनं चीन. या धाग्याला तोड न्हाय. भडंग संपला, दुसरी पुडी फोडतोय.

निनावी_विद्यार्थिनी
मी कॉलेजला आहे, सांगलीत. आम्हाला सरांनी सांगितलं की स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातली व्ही-डेम संस्था देशांचे चार कप्पे करते. बंदिस्त एकतंत्र, निवडणुकांचं एकतंत्र, निवडणुकांची लोकशाही आणि उदार लोकशाही. बंदिस्त म्हणजे निवडणूकच नाही किंवा नावापुरती. निवडणुकांचं एकतंत्र म्हणजे निवडणूक होते, पक्ष असतात, पण बोलायला, छापायला, संघटना करायला इतकी अडचण की निवडणूक खरी राहत नाही. २०२१ च्या अहवालात त्यांनी भारताला त्या दुसऱ्या कप्प्यात टाकलं आणि आपल्या सरकारने ते मान्य केलं नाही, मोजायच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला.

मला वाटतं आण्णांची संस्था निवडणुकांच्या एकतंत्रात बसते. निवडणूक आहे पण दरवेळी बिनविरोध.

कधीतरी_येणारा
आला बघा स्वीडनचा दाखला. थंडीत बसून आम्हाला मार्क देतात.

जुना_सांगलीकर
दोघंही थांबा. चालू राजकारण आलं की धाग्याला कुलूप लागतं, आणि हा धागा चांगला चाललाय. मार्कांवर भांडण्यापेक्षा आपण स्वतः बघितलेलं सांगतो.

आणीबाणी. २५ जून १९७५. मी तेव्हा सांगलीत कॉलेजात होतो. लोक सांगतात गाड्या वेळेवर धावत होत्या, खरं आहे, ऑफिसात नोकरीला असलेल्या आमच्या काकांनी सुद्धा दहाच्या ठोक्याला जायला सुरुवात केलेली. पण चहाच्या टपरीवर बोलताना माणूस आधी मागे वळून बघायचा. ते मागे वळून बघणं मी विसरलो नाही.

आता मास्तरांच्या अंकुशाशी याचा संबंध बघा. आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही रात्री झाली आणि मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. बैठक झाली ती फक्त हो म्हणायला. तुमच्या वार्षिक सभेसारखीच, मंजूर मंजूर. म्हणून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत दोन गोष्टी बदलल्या. 'अंतर्गत अशांतता' हे मोघम कारण काढून 'सशस्त्र उठाव' घातलं आणि मंत्रिमंडळाने लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही असं बांधून टाकलं. लेखी! एवढाच शब्द. आणि हे कुठून शक्य झालं, तर १९७७ ला निवडणूक झाली, सरकार पडलं आणि पडल्यावर ते घरी गेलं. एकतंत्रात हा शेवटचा भाग नसतो.

वाईकर_वाचक
एका शब्दावरून आठवलं. रशियात १९०५ च्या उठावानंतर झारला मुकाट्याने संसद द्यावी लागली, दूमा. १९०६ चे मूलभूत कायदे लिहिताना झारच्या सत्तेचं जुनं वर्णन होतं 'एकतंत्री आणि अमर्याद'. मंत्र्यांनी सांगितलं, महाराज, आता संसद आहे, 'अमर्याद' कसं लिहायचं? निकोलसला ते फार जड गेलं. शेवटी 'अमर्याद' गेला, 'एकतंत्री' राहिला. आणि मनातला अमर्याद गेलाच नव्हता, पहिली दूमा अडीच महिन्यांत बरखास्त. १९१७ ला गादीच गेली.

हळद_मार्केट
सगळं खरं पण आपल्याकडचं एक कुणी बोलत न्हाय. मध्यंतरी कितीतरी वर्षं झेडपी आन महापालिकांवर प्रशासकच होते की. नगरसेवक न्हाईत, सभा न्हाय, स्थायी समिती न्हाय. विषय मांडणारा साहेब, मंजूर करणारा तोच साहेब. एका खुर्चीतनं दुसऱ्या खुर्चीत बसायचं फक्त. हे एकतंत्र न्हाय तर काय?

निवृत्त_मास्तर
चांगला मुद्दा, पण माझं मत जरा वेगळं. प्रशासकाच्या हाती सगळं एकवटलेलं असतं हे खरं, पण त्याची एका कागदावर बदली होते, कोर्टात त्याचा निर्णय रद्द होतो. तो एकतंत्री नव्हे, तो कुणाचा तरी नोकर. मात्र लोकांच्या बाजूनं बघितलं तर, आपण ज्याला निवडलं नाही आणि ज्याला आपण घालवू शकत नाही असा माणूस आपला कर ठरवतोय. खालून बघणाऱ्याला फरक फार दिसत नाही, हे कबूल.

माणदेशी_गडी
आन प्रतिसरकारचं काय म्हणता? क्रांतिसिंह नाना पाटलांनी ४२ नंतर इंग्रजांचं राज्य आपल्या भागात बंदच पाडलं, गावोगाव न्यायदान मंडळं, तुफान सेना. ती तर कुणी निवडून दिली नव्हती.

जुना_सांगलीकर
निवडून दिली नव्हती, पण निवाडे गावासमोर व्हायचे, चार पंच बसायचे. भूमिगत चळवळीला मतपेटी कुठून आणणार? माझे वडील कुंडलचे. ते म्हणायचे, त्या वेळी पहिल्यांदा सावकाराला गावापुढे उभं राहून उत्तर द्यावं लागलं. शिक्षा कडक होत्या, त्यावर वडील फार बोलायचे नाहीत. मीही लिहीत नाही.

पाटपाणी
एक शंका. एकतंत्र आणि सर्वंकष सत्ता एकच का? हिटलर, स्टॅलिन आणि कुठला तरी सुस्त लष्करशहा एकाच पोत्यात कसे?

दंडोबा
नाही. साधा एकतंत्री म्हणतो, माझ्या खुर्चीकडे बघू नका, बाकी जत्रा करा, कुस्त्या लावा. सर्वंकषवाला जत्रेतही शिरतो. लेझीम कसं खेळायचं, पोराचं नाव काय ठेवायचं, घरात काय बोलायचं, सगळं त्याच्या विचारसरणीनं. हुआन लिंझ नावाच्या अभ्यासकाने फ्रँकोच्या स्पेनवरून हा फरक मांडला.

आणि हिटलरबद्दल एक, तो आधी चॅन्सेलर, म्हणजे जर्मनीचा पंतप्रधान, झाला तो रीतसर नेमणुकीने. मग २३ मार्च १९३३ ला संसदेनेच मतदान करून त्याला संसदेशिवाय कायदे करायची मुभा दिली, बाजूने ४४४, विरोधात ९४. विरोधकांपैकी कम्युनिस्ट आधीच तुरुंगात किंवा फरार, आणि सभागृहात त्याचे गणवेशातले गुंड उभे. मंजूर मंजूर.

कृष्णाकाठ_पलूस
मंडळी, तीन आठवडे गायब होतो. बरंच काही घडलंय, सांगतो.

आण्णांना रात्री एकाएकी पोटात कळा, मिरजेला नेलं, पित्ताशयात खडे, ऑपरेशन. वयामुळं ११ दिवस तिथंच. इकडं तिसऱ्या दिवशी वरच्या मळ्याची पाळी. मोटर चालू करणारा माणूस आहे, पण चेंबरला कुलूप. चावी? कोपरीच्या खिशात, कोपरी दवाखान्यात. आणली चावी. कुलूप उघडलं तर आत चार व्हॉल्व, कुठला कुणाचा कुणालाच ठाव नाही. मग वही. वैनी देव्हाऱ्याखालनं काढून देईनात, "त्यांनी सांगितल्याशिवाय हात लावायचा न्हाय." शेवटी फोनवर आण्णांनी हो म्हटलं. वही उघडली तर नावंच नाहीत! गोल, फुली, दोन टिंबं, एका ठिकाणी नुसती माशाची खूण. २२ वर्षांत माणसानं आपल्यापुरती लिपी तयार केलेली. १३ संचालक वहीभोवती कोंडाळं करून बसले, एकाला काय लागेना. आडसाली ऊस माना टाकायला लागला, दोघांची हातघाई झाली, एकानं रात्री स्वतःच व्हॉल्व फिरवला तर पाणी भलत्याच शिवारात.

मी आणि पुतण्या वही घेऊन मिरजेला गेलो. पुतण्यानं कॉटशेजारी बसून एकेक खूण विचारली आणि लिहून घेतली. मासा म्हणजे नदीकडेचा मळा, सोपं होतं तसं. लिहून झाल्यावर त्यानं मोबाईलवर हा धागा वाचून दाखवला. मास्तरांचं उत्तर ऐकून आण्णा म्हणाले, "पदवी व्हती व्हय? मग ठीक हाय." लोणच्याला हसले, टाके दुखतात म्हणून नर्सबाई ओरडल्या.

मग बराच वेळ छताकडं बघत पडले आणि म्हणाले, "पोरा, तू म्हनलास ते म्हनलास. पण २२ वर्षांत एकानं तरी चावी मागितली का? तेरा जण हाईत. मागितली असती तर मी काय न्हाय म्हणनार व्हतो?"

पुतण्याला परत उत्तर आलं नाही. मलाही नाही.

अजिंक्यतारा
थांबा थांबा. याला उत्तर आहे आणि ते साताऱ्यातच शाळेत गेलेल्या माणसानं देऊन ठेवलंय. बाबासाहेबांचा शाळाप्रवेश इथला, ७ नोव्हेंबर १९००. त्यांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण काढून वाचा. धर्मात भक्ती आत्म्याला तारत असेल, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता, असं त्यांनी सांगितलंय. माणूस कितीही थोर असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. आण्णांनी घेतली नाही चावी, गावानं पायाशी ठेवली.

मिरजकर_काकू
मला नाही पटत. "मागितली असती तर दिली असती" हे सासूबाईही म्हणायच्या. मागायची सोय ठेवली होती का, ते विचारा. पुतण्या उठला तेव्हा सभा गप्प झाली असं तुम्हीच लिहिलंय पहिल्या पोस्टमध्ये. २२ वर्षांत उठणारा तो पहिला आणि त्यातही पुण्याहून आलेला, ज्याचा ऊस आण्णांच्या पाळीवर नाही!

कृष्णाकाठ_पलूस
काकू, हे डोक्यातच आलं नव्हतं. ऊस माझ्या नावावर आहे. मी गप्प बसलो होतो.

निवृत्त_मास्तर
काकूंना माझ्या खुर्चीवर बसवा. मी काकूंच्या बाजूनं. फक्त एक भर, आण्णांनी वहीतल्या खुणा सांगितल्या, लिहू दिल्या. झारला एक शब्द सोडवत नव्हता. म्हणून मी त्यांना औंधच्या रांगेत नाही, पण रांगेच्या जवळपास उभं करीन. संस्थेचं पुढं काय झालं?

कृष्णाकाठ_पलूस
विशेष सभा झाली. आण्णा उशी पोटाशी धरून आले. पाळीपत्रक आता साध्या मराठीत ऑफिसच्या भिंतीवर लावायचं, हे मंजूर. विट्याला नेऊन चावीच्या तीन नकला केल्या, हेही मंजूर. एक चेअरमनकडं, एक मोटरवाल्याकडं. तिसरी कुणाकडं यावर अडीच तास भांडण झालं, एकमेकांच्या आज्यापर्यंत गेलं, निर्णय नाही. पुढच्या रविवारी परत सभा लावलीय.

कधीतरी_येणारा
बघा. म्हणत होतो ना. खड्डा एक, ठराव तीन.

भडंगवाला
तिसरी चावी हिकडं पाठवा. मी कुणाचाच नातेवाईक न्हाय आन मला ऊस न्हाय. फक्त भडंगाची सोय करा.